सरकती करवत : घ्यावी कीं न घ्यावी ?

विजेवर चालणारी सरकती करवत, जिला बाजारांत स्लायडिंग मायटर सॉ म्हणतात, ती गतवर्षीं गोठ्याच्या कामासाठीं आम्हीं विकत घेतली. तिचा अनुभव शेतकरी बंधूंपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

दहा इंची पात्याची साधी मायटर सॉ सुमारें साडेपांच इंच रुंद फळी कापते. हिचें पातें दांड्यांवर पुढें-मागें सरकत असल्यामुळें अकरा-बारा इंचांची फळीही एका छेदांत तुटते. चौकटीचे काटकोनी व पंचेचाळीस अंशांचे छेद नेमके येतात, हें आम्हीं मोकळ्या मनानें कबूल करतों.

परंतु हें यंत्र आडव्या छेदाचें आहे. फळी उभी चिरणें त्याचें काम नव्हे. आपल्या बांधावरची बाभूळ वांकडी. ती मागच्या पट्टीस नीट टेकत नाहीं, छेद मिटतो व पातें अडकतें. आमच्या येथें असाच तुकडा उसळला आणि गड्याचीं दोन बोटें थोडक्यांत वांचलीं. पातें आपल्याकडे ओढीत कापूं नये. आधीं ओढून घ्यावें, मग खालीं दाबून पुढें लोटावें. जुन्या लांकडांतले खिळे अगोदर काढावे. दांडे सैल पडले कीं छेद चुकतो, म्हणून गुण्या लावून वरचेवर तपासावें.

वर्षांतून आठ दिवस लागणाऱ्या यंत्रांत एकट्यानें पैसा गुंतवूं नये, असें आमचें मत झालें आहे. गांवच्या सोसायटीनें एक घेऊन जाणत्या सुताराच्या हातीं सोंपवावें व माफक भाडें ठरवावें. त्यांत शेतकऱ्याचा खर्च वांचेल आणि सुताराचा धंदाही टिकेल.