कल्पित शेजारी आणि वगळलेल्या गुरू

चित्रपटाने आपल्या नावातच कल्पिताची कबुली द्यावी, असे क्वचित घडते. स्टीव्हन शेनबर्ग यांच्या ‘फर’ (२००६) या इंग्रजी चित्रपटाचे उपशीर्षकच ‘डीॲन आर्बस यांचे काल्पनिक व्यक्तिचित्र’ अशा अर्थाचे आहे. आपल्याकडे ‘स्वामी’सारख्या कादंबऱ्यांनी रंगविलेले प्रसंगच पुष्कळ वाचक इतिहास म्हणून सांगत असतात. त्या मानाने हा प्रामाणिकपणा आम्हांस आवडला.

आर्बसबाईंचा जन्म १९२३ चा. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर त्यांच्या आजोळचे ‘रसेक्स’ हे फरच्या कोटांचे श्रीमंती दुकान होते. अठराव्या वर्षी विवाह झाला. पुढे पती ॲलन मासिकांसाठी नव्या पोशाखांची छायाचित्रे काढीत आणि बाई मांडणी सांभाळीत. चित्रपटाची कथा १९५८ मधली. वरच्या मजल्यावर लायनेल नावाचा बिऱ्हाडकरू येतो. त्याचे सर्वांग केसांनी झाकलेले, आणि बाहेर पडताना तोंडावर मुखवटा. बाई कॅमेरा घेऊन जिना चढतात आणि सर्कशीतल्या, समाजाने दूर सारलेल्या माणसांच्या जगात शिरतात. निकोल किडमन यांनी हे भीतीमिश्रित कुतूहल केवळ डोळ्यांनी दाखविले आहे. लायनेलचे केस उतरविण्याचा प्रसंग तर फारच हळुवार. दुकानातली फर आणि माणसाच्या अंगावरची फर, ही जोडणीही चतुर आहे.

परंतु असा लायनेल कधी नव्हताच. बाईंनी पतीसोबतचा व्यवसाय सोडला तो १९५६ मध्ये, आणि सुमारे त्याच काळात लिझेट मॉडेल या व्हिएन्नात जन्मलेल्या छायाचित्रकर्तीपाशी त्या शिकू लागल्या. एकाच विशिष्ट माणसाकडे जितके बारकाईने पाहावे तितके चित्र सर्वांचे होते, ही दृष्टी त्यांना तेथे लाभली. चित्रपटात या गुरूंना जागाच नाही! वर्गात उभे राहून आयुष्य गेलेल्या आम्हांस हे खटकले, तर वाचकांनी नवल मानू नये. स्त्रीच्या कलेचा उगम दाखवायचा तर एक प्रियकर हवाच, हा पटकथेचा हट्ट कशासाठी? शिकणे, चुकणे, पुन्हा रस्त्यावर जाणे, यात का नाट्य नाही?

१९६२ च्या सुमारास बाईंनी छोटा कॅमेरा ठेवून चौकोनी चित्र देणारा रोलायफ्लेक्स घेतला. तो छातीपाशी धरून वरून पाहावयाचा. त्यामुळे छायाचित्रकाराचा चेहरा झाकला जात नाही, समोरच्याशी बोलता येते. त्यांच्या चित्रांतली माणसे आपल्याकडे रोखून पाहतात, त्यामागे हेही एक कारण असावे. १९६३ व १९६६ साली गुगेनहाइम शिष्यवृत्ती, १९६७ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात गाजलेले प्रदर्शन, आणि १९७१ मध्ये, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, आत्महत्येने अंत.

चित्रपटात त्यांचे मूळ छायाचित्र एकही नाही. ज्यांना तो पाहावयाचा असेल त्यांनी आधी न्यूजर्सीतल्या रोझेल गावच्या जुळ्या बहिणींचे चित्र मिळवून पाहावे. दोघींचे झगे सारखे, केसांचे पट्टेही सारखे. एकीच्या ओठांवर किंचित हसू आहे, दुसरीच्या नाही.