शाळेच्या कॉम्प्युटरची चावी कोणाकडे?

पालकसभेत आपण निकाल, गणवेश, रिक्षा यांवर भरभरून बोलतो. पण शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये आपल्या मुलांची काय काय माहिती आहे आणि ती कोणाकोणाला दिसते, हे सहसा कोणी विचारत नाही.

मुलाचं नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं, पत्ता, मोबाइल नंबर हे सगळं शाळांना सरकारच्या ‘यू-डायस प्लस’वर भरावं लागतं. लहान शाळेत कॉम्प्युटर एक नाही तर दोन. सकाळी त्यावर मुलं शिकणार, दुपारी बाई माहिती भरणार. ‘पासवर्ड लक्षात ठेवू का?’ असं मशीनने विचारलं की घाईत ‘हो’ म्हटलं जातं. मग पुढे जो कोणी बसेल, त्याच्यासाठी दार उघडंच!

सोयीसाठी ठेवलेलं दार महागात पडतं, हे जुनंच आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या सामायिक कॉम्प्युटरवर ‘फिंगर’ नावाची सोय होती. कोण मशीनवर बसलंय, त्याचं पूर्ण नाव काय, तो शेवटचा कधी आला होता, हे ती कुणालाही सांगायची. नोव्हेंबर १९८८मध्ये रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्राम इतर वाटांबरोबर या सोयीतल्या त्रुटीतूनही आत शिरला आणि हजारो कॉम्प्युटर अडले. पुढे अनेक ठिकाणी ‘फिंगर’ बंदच केली गेली.

आपल्याकडेही ‘दीक्षा’ या सरकारी अ‍ॅपची माहिती कुलपाविना पडून असल्याचं जानेवारी २०२३मध्ये उघड झालं. त्यात १० लाखांहून अधिक शिक्षक आणि सुमारे ६ लाख विद्यार्थी होते.

‘आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’ असं म्हणून चालणार नाही. मुलीचं नाव, इयत्ता, शाळा ठाऊक असलेल्या माणसाचा फोन आला, तर कुठलीही आई पटकन विश्वास ठेवील. आणि मुलीचा नंबर नको त्या हातात गेला, तर त्रास तिलाच होणार.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मुलांसाठी खास तरतुदी आहेत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. पण पासवर्ड पुसायला कायदा येणार नाही. तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या सभेत तीनच गोष्टी विचारा: मुलांचं आणि कार्यालयाचं लॉगिन वेगळं आहे का? काम झालं की लॉग-आउट होतं का? पासवर्ड शेवटचा कधी बदलला? बाईंवर रागावू नका, त्यांच्यावर कामाचा ढीग आहे. कार्यालयासाठी वेगळा कॉम्प्युटर हवा, ही मागणी मात्र त्यांच्या बरोबरीने करा.