मे आणि ऑक्टोबरात एकेक बाटली पाणी द्या : जुन्या शहरातील रहिवाशांना जाहीर आवाहन

अकोल्याच्या जुन्या शहरात राहणाऱ्या सर्वांना, आणि विशेषतः ज्यांच्या वाड्यात आड आहे, अंगणात बोअर आहे किंवा गल्लीच्या तोंडाशी हापशी आहे त्यांना, ही विनंती आहे. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि ऑक्टोबरात, आपल्याकडच्या पाण्याचा नमुना तपासणीसाठी द्या. निदान तीन वर्षे तरी हे चालवायचे आहे. सगळ्या नमुन्यांची एकच नोंदवही राहील आणि ती कोणालाही पाहता येईल. त्याच दिवशी मोर्णेचे पाणीही चार ठिकाणी घेतले जाईल : शहरात शिरण्याआधी, अनिकटाजवळ, दगडी पुलाखाली आणि शहर संपल्यावर.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारेल. आपल्याकडे पाण्याबद्दल एक उत्तर ठरलेले आहे : "आपल्या भागातलं पाणी खारंच हाय." ते खोटे नाही. अकोल्याच्या उत्तरेला पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरला आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतली शेकडो गावे त्यात येतात. नदीने आणलेल्या गाळाचे जाड थर, निचरा न होणारी चिकण काळी माती, कमी पाऊस आणि कडक ऊन यांमुळे क्षार खालीच साठून राहिले. विहीर असूनही पिण्याला पाणी नाही, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रड. म्हणूनच वान धरणातून 84 खेडी योजना आणि काटेपूर्णेवरून खांबोऱ्याची 64 खेडी योजना आणावी लागली. शहराच्या दक्षिणेला मात्र काळा पाषाण आहे आणि त्याच्या भेगांतले पाणी पुष्कळ ठिकाणी गोडे लागते. आपण या दोन्हींच्या मधोमध राहतो, त्यामुळे एका पेठेतली विहीर मचूळ आणि पलीकडची बरी, असे होऊ शकते.

घोटाळा पुढे आहे. खारेपणाच्या या एका उत्तराखाली आपण दुसरी एक गोष्ट झाकून टाकतो. क्षार जमिनीचे, पण नायट्रेट आपले. शेतात ते खतातून उतरते. जिथे शेत नाही अशा दाट वस्तीत ते मुख्यतः संडासाच्या टाक्या, शोषखड्डे, उघड्या नाल्या आणि गुरांचे गोठे यांतून झिरपते. त्याला चव नाही, रंग नाही, वास नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे 45 मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते आणि त्यापुढे सवलत नाही. विरघळलेल्या क्षारांसाठी मात्र 500 मिलिग्रॅमची मर्यादा सांगून, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत मुभा दिलेली आहे. म्हणजे गोड लागणारी विहीर नापास आणि तोंड वाकडे करायला लावणारी विहीर पास, असेही घडू शकते. तान्ह्या बाळाचे दूध अशा पाण्यात कालवले तर धोका अधिक, कारण नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. पाणी उकळले की जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. वाफ उडाल्यावर उरलेल्या पाण्यात ते थोडे वाढतेच. तुरटी फिरवल्याने फक्त गढूळपणा खाली बसतो.

इथे थोडे विषयांतर करतो. दारावर पाण्याचे यंत्र विकायला येणारी मंडळी पेल्यात दोन कांड्या बुडवून वीज सोडतात, पाणी तपकिरी होते आणि घरातली माणसे घाबरतात. तो रंग कांडीच्या लोखंडाचा असतो. पाण्यात क्षार असल्याने वीज वाहते, लोखंड झिजते आणि गंजाचा चोथा तयार होतो. पाणी घाण असल्याचा तो पुरावा नव्हे. खिशातल्या टीडीएस मीटरचेही तेच. त्याला क्षार कळतात. नायट्रेट वेगळे काढून दाखवता येत नाही आणि जंतू तर मुळीच कळत नाहीत. ते वापरा जरूर, पण त्याच्या आकड्यावर निश्चिंत होऊ नका.

आता मोर्णा. जानेवारी 2018 मध्ये हजारो अकोलेकर जलकुंभी काढायला नदीत उतरले. पंतप्रधानांनी त्याच महिन्यात 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला. ते काम मोलाचेच होते. पण जलकुंभी पुन्हा आली, आणि ती येणारच होती, कारण सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद हे तिचे खाद्य आहे. ते पात्रात किती येते आणि कोणत्या नाल्यातून येते, याची मोजदाद हाती असेल तरच पुढचे श्रमदान कुठे करायचे ते ठरेल. नदी आणि काठच्या विहिरी यांचे आतून देणेघेणे चालते, तेव्हा दोन्हींचे पाणी एकाच दिवशी घेतले पाहिजे. जुलै 2021 चा पूर काठच्या घरांत शिरला, तेव्हा किती आड आणि बोअर नालीच्या पाण्याने भरले, याची पेठवार नोंद आज आपल्या हाताशी नाही. पुढचा पूर येईल तेव्हा ती हवी.

श्रावणात आपण गांधीग्रामला जाऊन पूर्णेचे पाणी भरण्यांत घेतो आणि सुमारे 18 किलोमीटर चालत राजराजेश्वराला आणतो. 1944 च्या अवर्षणात ही कावड सुरू झाली, असे जुनी मंडळी सांगतात. शिवभक्त मंडळांना एक मागणे आहे : त्या दिवशी गांधीग्रामच्या घाटावरून एक बाटली तपासणीसाठीही भरा. मोर्णा पुढे पूर्णेलाच मिळते आणि पूर्णा चांगदेवजवळ तापीला. आपण सोडलेले पाणी कुठवर जाते ते सर्वांनाच कळले पाहिजे.

नमुना घेण्याची रीत कठीण नाही, पण चुकली की तपासणी वाया जाते. बोअर किंवा हापशी पाच मिनिटे चालू ठेवा, मग बाटली भरा. एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा खळबळून घ्या. विहिरीतून काढताना वरचा तवंग टाळून फूटभर खालचे पाणी घ्या. जंतूंसाठी वेगळी निर्जंतुक बाटली मिळेल. ती खळबळायची नाही, झाकणाच्या आत बोट लावायचे नाही आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवायची. चिठ्ठीवर तारीख, वेळ, आडाची खोली, पाणी किती हातांवर लागले आणि संडासाची टाकी किती पावलांवर आहे ते लिहा. शेवटच्या रकान्यालाच लोक लाजतात, आणि तोच सर्वांत उपयोगी आहे.

मे आणि ऑक्टोबर हे महिने मुद्दाम निवडले आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजते. तिचे आकडे आणि आपले आकडे शेजारी ठेवता येतील. तिच्या विहिरी दूरदूर असतात, गल्लीतला फरक त्यांत दिसत नाही. ती उणीव आपल्यालाच भरून काढायची आहे. नमुने शुल्क भरून जिल्हा प्रयोगशाळेत दिले जातील. ज्यांना शुल्क जड जाते त्यांच्यासाठी वर्गणीतून सोय होईल.

काहींना वाटते, आपली विहीर खराब निघाली तर घराची किंमत उतरेल, शेजारी बोलतील. म्हणून नोंदवहीत घरमालकाचे नाव येणार नाही, पेठ आणि क्रमांक येईल. सार्वजनिक हापशीचे मात्र लपवायचे कारण नाही. बांगलादेशात विषारी सोमल असलेल्या हातपंपांना लाल रंग दिला आणि सुरक्षित पंपांना हिरवा. वाचता न येणाऱ्यालाही कुठले पाणी प्यावे ते कळू लागले. आपल्याकडेही तेच करू. लाल हापशीचे पाणी धुण्याभांड्याला चालेल, पिण्याला नाही. मशिदीचा हौद, देवळाची विहीर, शाळेची टाकी यांची तपासणी आधी व्हावी, कारण तिथे रोज अनेकांची तोंडे लागतात.

विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींनी नमुने गोळा करावेत. वडीलधाऱ्यांकडून वेगळेच काम हवे आहे : अगरवेशीपासून हरिहर पेठेपर्यंत कुठे कुठे आड होते, कोणते बुजवले आणि कोणत्या आडात नाली सोडली, ते आठवून सांगा. बुजवलेल्या विहिरीत सांडपाणी सोडले असेल तर ते शेजारच्या बोअरला सरळ भेटते. काकाजी, कोणावर ठपका ठेवायला हे विचारत नाही. नकाशावर खूण करायची आहे, एवढेच.

पहिली फेरी पाऊस लागण्याआधी पुरी झाली पाहिजे. म्हणून 15 मेपर्यंत आपल्या पेठेतल्या स्वयंसेवकाकडे स्रोताची नोंद करा आणि रिकाम्या बाटल्या घेऊन जा. भाडेकरूंनीही यावे, घरमालकाची परवानगी काढायचे काम आमचे.

— जुन्या शहरातील काही रहिवासी