चार माईक, दोन जावा आणि एक ट्रॅक

वीकेंडला तुम्ही काय केलंत? मल्टिप्लेक्स? लोणावळा? की नुसतंच लोळणं? मी काय केलं सांगतो. शनिवारी रात्री अकरापासून रविवारी पहाटे चारपर्यंत हेडफोन लावून माझ्या आजीचा खोकला कापत बसलो होतो. एकच खोकला, पण चार वेळा. कारण तो चार माईकमध्ये रेकॉर्ड झाला होता!

थांबा, सुरुवातीपासून सांगतो.

आमचं गाव शिनोली. पुण्याहून निघायचं, मंचरला नाशिक हायवे सोडायचा, घोडेगाव ओलांडायचं आणि भीमाशंकरच्या रस्त्यावर आलंच. ट्रेकर मंडळींनी ते बसच्या खिडकीतून शंभर वेळा पाहिलेलं असतं, पण उतरलेलं कुणी नसतं. पुढे डिंभ्याचं धरण. त्या धरणाच्या पाण्याखाली जुनं आंबेगाव गेलं, तालुक्याला मात्र नाव त्याचंच राहिलं. आजी हे दर वेळी सांगते आणि आम्ही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकतो.

तर आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते. म्हणजे म्हणायची. पिठाची गिरणी आली, जातं पडवीच्या कोपऱ्यात गेलं, हळदीच्या मुहूर्तापुरतं बाहेर यायला लागलं आणि ओव्या आजीच्या डोक्यातच राहिल्या. आता ती चौऱ्याऐंशीची आहे. काही ओव्यांच्या दुसऱ्या ओळी तिला आठवत नाहीत. त्या कुणाला आठवतात? तर धाकट्या आजीला, म्हणजे तिच्या जावेला. दोघींनी तीसेक वर्षं समोरासमोर बसून एकच खुंटा ओढलाय. पहिली ओळ एकीची, दुसरी दुसरीची, असा सगळा मामला. प्रॉब्लेम एकच. वाटण्या झाल्यापासून दोन्ही घरांमध्ये भिंत आहे आणि दोघी एकमेकींशी ‘कामापुरतं’ बोलतात. काम सहसा नसतं.

ओव्या जपण्याची आयडिया माझी नाही बरं का. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी हे काम कित्येक वर्षं केलं. एक लाखाहून जास्त ओव्या त्यांच्या चमूने गावोगावच्या बायांकडून जमवल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्यासोबत १९९० च्या दशकात त्यातल्या काही टेपवर घेतल्या. आता तो खजिना पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाकडे आहे, कुणीही ऐकू शकतं. मी एका पावसाळी संध्याकाळी तो ऐकत बसलो आणि पोटात खड्डा पडला. अरे, हे तर आपल्या घरी आहे, आणि आपण काहीच केलेलं नाही!

मग गेल्या श्रावणात मित्राचा चार इनपुटवाला रेकॉर्डर उसना घेतला आणि गाव गाठलं. प्लॅन साधा होता, मध्ये एक चांगला माईक आणि भोवती सगळ्या. पण धाकटी आजी आली ती थेट उंबऱ्याजवळ बसली. आजी जात्यापाशी. मधे दोन मीटर अंतर आणि पंचवीस वर्षांचा अबोला. ‘जरा जवळ सरकता का?’ असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. आत्या म्हणाली, “तुझ्याकडं चार हायेत ना? मग दे की एकेकीला एकेक.” झालं. आजीला एक, धाकट्या आजीला एक, आत्याला एक, काकूला एक. आणि जात्याची घरघर यावी म्हणून माझा मोबाइल रेकॉर्डिंग चालू करून जात्याशेजारच्या पोत्यावर ठेवला.

सव्वा तास गायल्या. आधी देव झाले, मग माहेर, मग भाऊ, मग लेकी. सुरुवातीला आत्याचाच आवाज. मग आजीने जात्यात घास घातला, पहिली ओळ उचलली आणि अडकली. दोन सेकंद नुसतं जातं फिरत राहिलं. उंबऱ्यापासून दुसरी ओळ आली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. पण त्यापुढे थांबल्याही नाहीत. मी तिथे लेव्हलचे दिवे बघतोय असं दाखवत मान खाली घालून बसलो होतो.

आता पुण्यातली गोष्ट. घरी येऊन लॅपटॉपवर फाइल्स उघडल्या, तर स्क्रीनवर चार पट्टे आणि पाचवा मोबाइलचा. सव्वा तासात ओव्या असतील चाळीसेक मिनिटं. बाकी सगळा संसार. एसटीचा हॉर्न, कोंबड्या, ‘चहा टाकू का’, आजीचा खोकला. प्रत्येक गोष्ट प्रत्येक पट्ट्यावर कापायची. एकदा काकूचा पट्टा कापायचा राहिला आणि तिथून पुढे काकू सगळ्यांच्या अर्धा सेकंद मागे गायला लागली. ते सापडेपर्यंत रात्रीचे दोन वाजले.

तेव्हा डोक्यात आलं, चारही ट्रॅकचा एकच करून टाकू ना! ऑडॅसिटीत सगळे ट्रॅक सिलेक्ट करायचे, ‘मिक्स अँड रेंडर’ म्हणायचं, संपलं. एक पट्टा, एक कात्री. मी केलं. प्ले केलं. आणि आजी डब्यात बसून गायला लागली.

शप्पथ सांगतो, पत्र्याच्या डब्यात. का झालं असेल? आजीचा आवाज फक्त आजीच्या माईकमध्ये नव्हता. तो आत्याच्या माईकमध्येही पोहोचला होता, पण उशिरा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर धावतो, म्हणजे एक मीटर जायला तीनएक मिलिसेकंद. आत्या दीड मीटरवर, म्हणून तिथे आजी साडेचार मिलिसेकंद लेट. एवढ्याने वेगळा प्रतिध्वनी ऐकू येत नाही, पण दोन्ही एकत्र केले की काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि आवाजाला कंगव्यासारख्या खाचा पडतात. त्याला नावही ‘कोम्ब फिल्टरिंग’ असंच आहे. वर चार उघडे माईक म्हणजे चौपट खोली. गाणारी एक असो की चार, पंख्याची आणि रस्त्याची गुणगुण चारही पट्ट्यांवरून येते आणि एका माईकच्या मानाने सहा डेसिबलने चढते. हे टाळायला साउंडवाल्यांचा एक ढोबळ नियम आहे, तिनास एक. तोंडापासून माईक जेवढा लांब, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माईकमध्ये हवं. माईक वीस सेंटिमीटरवर, तर शेजारचा साठवर. मी तो पाळला होता असं मला वाटत होतं. पण सव्वा तासात कोण आपल्या जागी बसतं? आत्या तर ऐन रंगात आली की आजीच्या मांडीवर थाप मारते.

माझं नशीब एवढंच की आळसामुळे मी रेकॉर्डरचं कार्ड पुसलं नव्हतं. आणि ट्रॅक एक करायचे असतील, तर पहिलं काम हेच. मूळ फाइल्सची कॉपी दुसरीकडे ठेवा, आणि तिला हातही लावू नका. कारण एकदा मिसळलेलं वेगळं होत नाही. बीटल्सने १९६७ साली ‘सार्जंट पेपर’ केला तो चार ट्रॅकच्या मशीनवर. चार भरले की ते मिसळून दुसऱ्या मशीनवर उतरवायचे आणि मोकळ्या जागेत पुढचं रेकॉर्डिंग करायचं. एकदा उतरवलं की त्यात गिटार जास्त वाटली तरी जास्तच. आता कम्प्युटर मिसळलेले आवाज सुटे करतो हे खरं. लेननचा कॅसेटवरचा आवाज पियानोतून सोडवून २०२३ मध्ये नवं गाणं निघालं. पण लेनन आणि पियानो वेगळे आहेत हो. एकाच गावच्या, एकाच चालीवर, एकाच वेळी गाणाऱ्या दोन म्हाताऱ्या सुट्या करून दाखवा, मग मी मानेन.

आणि त्याच्याही आधी? गौहर जानची पहिली रेकॉर्डिंग्ज १९०२ ची, तेव्हा माईकच नव्हता. एक कर्णा होता आणि त्यात तोंड घालून गायचं. मिक्सिंग व्हायचं ते पायांनी, मोठा आवाज मागे, बारीक आवाज पुढे. विजेवर चालणाऱ्या माईकने रेकॉर्डिंग रुळलं ते १९२५ पासून. आमच्या पडवीत कर्णा असता तर दोघी जावांना एकमेकींच्या गालाला गाल लावून गावं लागलं असतं. ते रेकॉर्डिंग झालंच नसतं!

असो. दुसऱ्या रात्री शहाण्यासारखं बसलो. यावेळी मिसळण्याआधी प्रत्येक पट्टा साफ केला. जी बाई गात नाही, तिचा माईक तेवढ्या वेळापुरता दहा-बारा डेसिबल खाली. पूर्ण म्यूट नाही हं. म्यूट केलं की खोलीचा आवाज अचानक गायब होतो आणि कुणीतरी दार आपटून गेल्यासारखं वाटतं. मग प्रत्येक पट्टा सहाएक डेसिबल खाली घेतला, कारण चौघी एकदम टिपेला गेल्या की बेरीज डोक्यावरून जाते आणि आवाज फाटतो.

मोबाइलने वेगळाच घोळ घातला. सुरुवातीला मी सगळ्यांसमोर एक टाळी वाजवली होती, सिनेमातल्या क्लॅपसारखी. ती जुळवून मोबाइलचा पट्टा बसवला, तर पहिली दहा मिनिटं मस्त. शेवटी मात्र जातंच घरंगळलेलं. दोन मशीनची घड्याळं कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत. दहा लाखांत वीसचा फरक असला तरी तासाभरात ७२ मिलिसेकंद होतात. तेवढं आवाजात लगेच कळतं. मग मोबाइलमधला वरचा सगळा भाग कापला, फक्त खालची घरघर ठेवली. घरघर ७२ मिलिसेकंद उशिरा आली तर जात्याला काय फरक पडतो?

एवढं झाल्यावर चार पट्ट्यांचा एक केला. जातं मुद्दाम वेगळं ठेवलं. आता खोकला एकदाच कापायचा. काय सुख असतं हो ते!

पण मध्येच एक गाढवपणा केला. मला वाटलं, आजीचा आवाज एकटीचा, स्वच्छ, अशीही एक कॉपी असावी. शेवटी हे सगळं तिच्यासाठीच तर चाललंय. तिचा एकटीचा पट्टा छान घासूनपुसून काढला आणि पुढच्या रविवारी गावी जाऊन हेडफोन तिच्या कानांना लावले. तिने डोळे मिटून अर्धं मिनिट ऐकलं. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

“दुसरी ओळ कुठंय?”

“आजी, हा फक्त तुझा आवाज आहे.”

“मंग ह्ये काय ऐकायचं? निम्मीच ओवी हाय की.”

मी गुपचूप दुसरी फाइल लावली. एक झालेली. ती शेवटपर्यंत ऐकली. खोकला नव्हता, कोंबड्या नव्हत्या. पहिली ओळ, मग ते दोन सेकंद जातं, मग उंबऱ्यावरून दुसरी ओळ. ते दोन सेकंद मी कापले नव्हते. एडिटिंगच्या हिशोबाने तो डेड एअर, कुणीही कापला असता. आजीने तिथे हात वर केला, मला गप्प राहायला सांगितल्यासारखा. मी बोलतच नव्हतो.

फाइल भिंतीपलीकडेही गेली, व्हॉट्सअॅपवरून, काकूच्या कृपेने. संध्याकाळी धाकटी आजी अंगणात उभी. चेहऱ्यावर तक्रार. “माझा आवाज बारीक का केला रं? तिचा बघ कसा दणदणीत ठिवलाय. नातू ना तू तिचा!” मी एक्सप्लेन करायला गेलो, लेव्हल, डेसिबल, उंबऱ्यावरचं अंतर. आतून आजीचा आवाज आला, “आगं, तू लांब बसलीस म्हणून बारीक आला. आमच्या पोराला कशाला बोलतीस?”

पंचवीस वर्षांत माझ्या देखत झालेलं हे पहिलं बिनकामाचं बोलणं. भांडणच होतं, पण मोजलंय मी, चार वाक्यं.

एक ओवी एसटीच्या हॉर्नखाली पूर्ण गेली आहे. कुठल्याही माईकमध्ये वाचली नाही, त्यामुळे पुन्हा घ्यावी लागणार. दिवाळीत जातोय. मित्राकडे परत रेकॉर्डर मागितला, चारही माईक बॅगेत टाकणार तेवढ्यात आत्याचा फोन. म्हणाली, दोघींनी निरोप दिलाय. या बारीला माईक एकच आण, मागच्या वेळी वायरी लई पायात आल्या.