एक गाव, दोन सुट्ट्या

आपल्याकडे युरोप टूर म्हणजे स्कोअरकार्ड असतं. नऊ दिवस, पाच देश. रोज पहाटे बॅग भरा, बस पकडा, फोटो काढा, पुढे चला! स्वित्झर्लंडच्या वाट्याला त्यातले जेमतेम दोन दिवस येतात. युंगफ्राऊयोखच्या बर्फात एक राज-सिमरन पोझ, इंटरलाकेनला यश चोप्रांच्या पुतळ्याशेजारी दुसरा फोटो (२०१६मध्ये बसवलाय तो), मग चॉकलेटची खरेदी. झाले आल्प्स बघून!

माझा फंडा वेगळा आहे. एकच गाव पकडा आणि जमलं तर तिथेच दोनदा जा. एकदा उन्हाळ्यात, एकदा हिवाळ्यात. कारण आल्प्समधलं गाव नेमकं कशावर जगतं, ते एका मोसमात कळतच नाही.

मी पकडलेलं गाव म्युरेन. बर्न कँटनमध्ये, लाउटरब्रुनेनच्या दरीवर, साधारण १६४० मीटर उंचीवर, अगदी कड्याच्या काठाला बसलेलं. वस्ती चारशे-साडेचारशे. पर्यटकांच्या गाड्यांना प्रवेश नाही. इंटरलाकेनहून ट्रेनने लाउटरब्रुनेन, तिथून केबलकारने ग्रुट्शआल्प आणि मग १८९१पासून धावणारी छोटीशी गाडी. खिडकीबाहेर आयगर, म्योन्ख आणि युंगफ्राऊ असे तिघे ओळीने उभे. डबाभर माणसं एका बाजूला जमा होतात, आणि त्यात आपणही असतो.

जूनच्या शेवटी गेले तेव्हा रात्री साडेनऊपर्यंत उजेड. लाकडी घरं, खिडकीत लालभडक जिरेनियम, कुठूनतरी घंटांचा आवाज. कॅलेंडरवरचं चित्र! पण त्या चित्रात काम चाललेलं असतं, हे लक्षात यायला दोन दिवस जातात. गावातल्या बऱ्याचशा गाई उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर जातात आणि सप्टेंबरमध्ये फुलं-माळा घालून मिरवत खाली येतात. वर रोज दूध काढायचं आणि तिथेच चीज करायचं. बर्नच्या डोंगराळ भागात मोसम संपला की काही ठिकाणी चीजची वाटणी होते. ज्याच्या गाईंनी जेवढं दूध दिलं, तेवढा त्याचा वाटा. आपल्या दूध सोसायटीवाल्यांना हा हिशोब एका मिनिटात कळेल. या कुरणांच्या मोसमाला २०२३मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली.

गाई वर असताना खालचं गवत वाढतं. ते कापून, वाळवून कोठारात भरलं जातं. काही उतार इतके तिरपे की तिथे मशीन चालत नाही, लांब दांड्याचा विळा घेऊन हातानेच कापावं लागतं. म्हणजे आपण ज्या हिरव्यागार गालिच्यावर लोळून फोटो काढू बघतो ना, ती कुणाच्या तरी गोठ्यातली जानेवारीची वैरण असते. पायवाट सोडू नका, ही साधी विनंती त्यासाठीच.

मग जानेवारीत गेले. तेच गाव, पण आवाज बंद. घंटा नाहीत, कारण गाई गोठ्यात. रस्त्यावर पांढरा थर आणि त्यावरून पोरं स्लेज ओढत चाललेली. आजी किराण्याच्या पिशव्याही स्लेजवर ठेवून नेतात! संध्याकाळी फोंड्यू, म्हणजे वितळलेलं चीज आणि त्यात बुडवायचे पावाचे तुकडे. उन्हाळ्यातलं कुरण हिवाळ्यात असं ताटात येतं.

हिवाळी पर्यटन मात्र इथे फार जुनं नाही. पूर्वी पाहुणे यायचे ते उन्हाळ्यात. १९१०च्या सुमारास इंग्रज मंडळींनी हिवाळ्यातही रेल्वे चालवायला लावली आणि गावाला दुसरा मोसम मिळाला. आर्नोल्ड लन यांनी १९२२मध्ये इथेच आधुनिक स्लालमची पहिली शर्यत घेतली. १९२८मध्ये इन्फर्नो ही शर्यत सुरू झाली, ती आजही होते. आणि १९३१मध्ये आल्पाइन स्कीइंगची पहिली जागतिक स्पर्धाही म्युरेनलाच झाली. एवढ्याशा गावात!

आता हा दुसरा मोसमच डगमगतोय. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्विस हिमनद्यांनी आपला दहा टक्के बर्फ गमावला. कमी उंचीवरच्या स्की-गावांची पंचाईत जास्त. म्युरेनला निदान २९७० मीटरच्या शिल्टहॉर्नचा आधार आहे. बर्फ पाडायची यंत्रं असतात, पण तो बर्फ करायलाही पाणी लागतं आणि मुळात थंडी लागते.

आणि प्रश्न फक्त स्कीइंगचा नाही. दक्षिणेला डोंगररांगेपलीकडे लोच्चेनटाल नावाची दरी आहे. मध्ययुगात तिथलीच माणसं डोंगर ओलांडून म्युरेनच्या बाजूला आली आणि वसली. त्या दरीतलं ब्लाटेन हे गाव २८ मे २०२५ रोजी बर्फ, दगड आणि चिखलाखाली गाडलं गेलं. वरचा डोंगर सुटून बिर्च हिमनदीवर कोसळत होता. शेवटी हिमनदीच खाली आली. नऊ दिवस आधी साधारण तीनशे गावकऱ्यांना गुराढोरांसकट बाहेर काढलं होतं, म्हणून माणसं वाचली. एक जण मात्र गेला. बाकीच्यांचे जीव राहिले, पण घरं, गोठे, चर्चकडे जाणारा रस्ता, सगळं एका दुपारी संपलं.

हे वाचून ‘मग कशाला जायचं?’ असं वाटेल. मला उलट वाटतं. या गावांत माणसं टिकून आहेत म्हणून गवत कापलं जातं, पायवाटा शाबूत राहतात आणि डोंगर हलायला लागला की ते कुणाच्या तरी लक्षात येतं. ही माणसं टिकतात ती दोन कमायांवर, गाई आणि पाहुणे. दीड तास येऊन फोटो काढून जाणारा पाहुणा त्यांच्या खात्यात फारसं काही टाकत नाही. चार रात्री राहणारा टाकतो.

खर्चाचं म्हणाल तर फ्रँक शंभर रुपयांच्या वर आहे, त्यामुळे थापा मारत नाही. पण रोजचं शहर बदलणं वाचलं की बराच पैसा वाचतो. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, गावातल्या सुपरमार्केटमधून सामान आणा, पाणी नळाचं प्या. स्विस ट्रॅव्हल पास म्युरेनपर्यंत चालतो. एप्रिल-मे आणि नोव्हेंबर टाळा, तेव्हा दोन मोसमांच्या मध्ये बरीच हॉटेलं बंद असतात. दोनदा जाणं एका वर्षात जमणार नाही, कुणालाच जमत नाही. मीही मध्ये तीन वर्षं पैसे साठवले. पहिली फेरी उन्हाळ्यात करा. मग हिवाळ्यात बर्फाखाली काय झाकलंय, ते तुम्हाला आधीच ठाऊक असेल.