रविवार सर्वांचा, स्वयंपाकघर सोडून

रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास सामिष खाणाऱ्या घरांच्या वस्तीतून सहज चक्कर मारावी. एका खिडकीतून क्रिकेटचे समालोचन ऐकू येते, दुसरीतून जुनी गाणी; वास मात्र बहुतेक खिडक्यांतून एकच येतो, तापलेल्या तेलात लसूण पडल्याचा. त्या वासाने पेपर वाचणाऱ्याचे लक्ष अग्रलेखावरून उडते, अभ्यासाला बसलेली मुले आतबाहेर करू लागतात आणि आदल्या रात्री घरात काही वादावादी झाली असेल तर तिचा जोर निम्म्यावर येतो. दुपारी ताटात काय येणार हे सांगावे लागत नाही. भरपूर लसूण घातलेली कोंबडी, तिचा रस्सा, भाकरी आणि शेवटी भात.

ही कोंबडी मेजवानीची नव्हे. लग्नकार्याला, जत्रेला मटण लागते. तिथे पंगतीचा मान असतो. लसणीची कोंबडी घरच्या माणसांसाठी असते. तापातून उठलेल्याच्या तोंडाला चव यावी म्हणून, परीक्षा संपवून आलेल्या पोरासाठी, रात्रीच्या एसटीने शीण घेऊन आलेल्या माणसासाठी, नाहीतर बाहेर धो धो पाऊस पडतो आहे एवढ्याच कारणासाठी. श्रावणात अनेक घरांतून कांदा-लसूण हद्दपार होते. म्हणून तर आषाढातल्या शेवटच्या रविवारी या वासाचा जोर वर्षातला सर्वांत जास्त असतो.

करायला हा पदार्थ अवघड नाही. किलोभर कोंबडी, हाडांसकट. लसणीचे चार गड्डे. हात आखडता घ्यायचा नाही. निम्मी लसूण आले, मीठ आणि हळद यांच्याबरोबर ठेचून कोंबडीला चोळायची आणि अर्धा तास ठेवून द्यायची. उरलेल्या पाकळ्या अख्ख्याच मंद तेलात सोडायच्या. कडेने बदामी रंग धरू लागला की लगेच बारीक चिरलेला कांदा घालायचा, कारण लसूण एकदा करपली की कडवटपणा शेवटच्या घासापर्यंत पाठ सोडत नाही. कांदा तांबूस झाला की कोंबडी. पातेल्यावर ताट, ताटात पाणी. वाफेवर कोंबडीला स्वतःचेच पाणी सुटते. तेच गरम झालेले ताटातले पाणी पुढे रश्शाला घालायचे. शिजत आल्यावर थोडा अळणी रस्सा लहान मुलांसाठी आणि आजाऱ्यासाठी वाटीत काढून ठेवायचा, मग उरलेल्यात भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे वाटण आणि कांदा-लसूण मसाला. वरून लिंबू.

लिंबाला इथे एक जुना आधार आहे. लसणीला संस्कृतात ‘रसोन’ म्हणतात. सहा रसांपैकी एक, आंबट, तिच्यात उणा, म्हणून रसोन, अशी आयुर्वेदातली व्युत्पत्ती आहे. तो उणा रस आपण शेवटी पिळतो. निम्मी लसूण ठेचायची आणि निम्मी अख्खी ठेवायची, यालाही कारण आहे. अख्ख्या पाकळीला तसा उग्र वास नसतो. ती कापली किंवा ठेचली की तिच्यातली दोन वेगवेगळी ठेवलेली द्रव्ये एकत्र येतात आणि मग तो झणझणीत दर्प तयार होतो. अख्खी पाकळी हळूहळू तापली तर ही क्रिया घडण्याआधीच उष्णतेने बंद पडते. म्हणून ठेचलेली लसूण कोंबडीला धार देते आणि अख्खी पाकळी लोण्यासारखी मऊ, गोडसर होऊन भाकरीवर पसरते. आपल्या आज्यांनी शास्त्राचे पुस्तक न उघडता हे दोन्ही साधले होते.

मला ही कोंबडी शिकवली ती आमच्या बँकेच्या एका तालुक्याच्या शाखेतल्या शिपाईमामांनी. बदलीची नोकरी, कुटुंब दुसऱ्या गावी, खोलीत एक स्टोव्ह आणि तीन भांडी. मामा रविवारी पिशवीत कोंबडी घेऊन यायचे आणि लसणीचे गड्डे माझ्यासमोर ठेवायचे. गावठी लसूण, बोटाच्या पेरापेक्षा लहान पाकळ्या. एकदा सोलता सोलता म्हणाले, “साहेब, कोंबडी शिजायला अर्धा तास लागतो आणि लसूण सोलायला पाऊण तास. जेवणाऱ्याला फक्त तो अर्धा तास दिसतो.”

हे वाक्य त्यांनी सहज टाकले, पण घरगुती अर्थशास्त्रावरची पुष्कळ पुस्तके त्यात मावतील. सुखाच्या जेवणातला मोठा खर्च न दिसणाऱ्या पाऊण तासाचा असतो आणि तो कोणाच्या खात्यावर पडतो हे आपण क्वचित पाहतो.

जुना हिशेब काढला तर तो फार बोलका आहे. खेड्यातल्या घरी गाय-बैल, जमीन, विहीर ही पुरुषाची मालमत्ता. परड्यातल्या पाच-सहा कोंबड्या मात्र बाईच्या. त्यांना दाणे टाकणे, संध्याकाळी डालून ठेवणे, खुडूक बसवणे हे सारे तिचे. अंडी विकून येणाऱ्या चार पैशांतून तिच्या बांगड्या, मुलाची पाटी, माहेरी जायचे एसटीचे भाडे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर अंडी हे व्याज आणि कोंबडी हे मुद्दल. आता जावई आले, व्याही आले, तालुक्याचे कोणी साहेब आले की काय होई? कोंबडी कापा, असा हुकूम बाहेरच्या सोप्यातून येई. मुद्दल तिचे, मान घराचा.

आणि मग वाटप. एक कोंबडी, खाणारी तोंडे दहा-बारा. आधी पाहुणे आणि घरातले पुरुष, मग मुले, शेवटी बायका. तंगडी जावयाला, काळीज-कलेजी नातवाला, बरे तुकडे कर्त्या माणसांना. शेवटच्या पंगतीला पातेल्याच्या तळाशी उरे तो रस्सा, एखादी मान, एखादी पाठ. लसूण-खोबऱ्याच्या वाटणाचे खरे काम इथे होते. ते घालून रस्सा वाढवता येत असे आणि त्या रश्शात भाकरी कुस्करली की कोंबडी खाल्ल्याचे समाधान तरी मिळे. “मला रस्साच आवडतो,” हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती आयांनी किती वर्षे म्हटले असेल! आपण ते आवड म्हणून ऐकले. ती वाटपाची सोय होती.

पुढे कोंबडी स्वस्त झाली. हा बदल माझ्या पिढीने डोळ्यांदेखत पाहिला आणि बँकेतल्या आम्हा लोकांचा त्याला थोडा हातभारही लागला. व्यंकटेश्वरा हॅचरीज १९७१ मध्ये स्थापन झाली. अंडी आणि ब्रॉयलर यांचा धंदा संघटित होऊ लागला. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँका खेड्यात गेल्या होत्या. १९८० पासून देशभर राबवलेल्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून म्हशी, शेळ्या, कोंबड्या यांसाठी कर्जे वाटली गेली. गावठी कोंबडी अंगाने भरायला पाच-सहा महिने घेते. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोची होते. सणासुदीचा पदार्थ दर रविवारचा झाला, मध्यमवर्गाचा झाला, मजुराच्याही आवाक्यात आला. ही लहान गोष्ट नव्हे. ज्या देशात प्रथिनांवाचून मुले खुरटली, तिथे तुकडा सर्वांच्या ताटात पडू लागला.

पण कर्जाच्या पाहणीला शेडवर गेलो की एक गोष्ट ठळक दिसे. अर्जावर सही नवऱ्याची, पासबुक नवऱ्याचे, आणि पिल्लांना ऊब देण्यासाठी रात्री दोनदा उठणारी, पाण्याची भांडी घासणारी, खाद्य टाकणारी बाई. परड्यातली कोंबडी तिची होती, शेडमधली तिची राहिली नाही. धंदा वाढला तसे मुद्दल तिच्या नावावरून हलले. काम तेवढे राहिले.

ताटाकडे परत येऊ. आज कोंबडीचा प्रश्न उरलेला नाही. २०२४ साली लसूण किरकोळ बाजारात किलोला ४०० रुपयांच्या पुढे गेली तेव्हा तर कोंबडी स्वस्त आणि लसूण महाग, अशी उलटी गंमत झाली होती. तुकडा आता सर्वांना पुरतो. पुरत नाही तो वेळ, आणि तो अजून एकीचाच जातो.

रविवारची सुट्टी आपल्याला आयती मिळाली असे आपण समजतो. ती मिळवावी लागली. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. एप्रिल १८९० मध्ये कामगारांची प्रचंड सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. गिरण्यांचे भोंगे थांबले, त्या जागी मॉल उभे राहिले, बँकांना महिन्यातून दोन शनिवारही सुट्टी मिळू लागली. त्या सभेत बोललेल्या दोघी पहिल्या सुट्टीच्या रविवारी घरी गेल्या असतील तेव्हा चूल पेटवायला कोण बसले असेल, याचे उत्तर शोधायला इतिहासकार नको.

सोमवार ते शनिवार सकाळी पोळी-भाजीचे डबे भरायचे; रविवारी डबे नाहीत, म्हणून ‘काहीतरी खास’. म्हणजे सुट्टीच्या दिवशी कामाचे तास वाढतात असा हा एकच व्यवसाय. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ त्यात जातो असे दिसले. पुरुषांचा ८८ मिनिटे. आणि ही सरासरी घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची. जे लावतच नाहीत, ते या हिशेबात धरलेले नाहीत. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईचे दहा मिनिटे काम कमी झाले, पुरुषानेही आपली नऊ मिनिटे कमी करून घेतली.

यावर दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले, बाहेरून मागवू. कधीतरी जरूर मागवावे. दमलेल्या माणसाला त्यात अपराध वाटण्याचे कारण नाही. पण तापातून उठलेल्या मुलाला हॉटेलच्या डब्यातून अळणी रस्सा येत नाही. मिठाचे प्रमाण घरातल्या रक्तदाबाच्या माणसाला बेतलेले नसते. आणि आपल्यासाठी कोणीतरी पाऊण तास लसूण सोलली, हा त्या घासातला जो ओलावा, तो पार्सलमध्ये बांधून मिळत नाही. म्हणून पदार्थ घरचाच हवा, हे मला मान्य आहे. प्रश्न फक्त घरच्या कोणाचा, एवढाच.

दुसरे उत्तर, “आमच्याकडे रविवारी मीच करतो.” हे वाक्य हल्ली पुष्कळ घरांत ऐकू येते आणि ऐकून बरे वाटते. मात्र जरा खोलात शिरावे. लसूण कोणी सोलली? वाटण कोणी काढले? “हळद कुठे आहे?”, “ते मोठे पातेले कुठे ठेवले?” याची उत्तरे कोण देत होते? आणि जेवण झाल्यावर, कौतुक स्वीकारून साहेब आडवे झाल्यावर, कोंबडीचा वास आणि तेलाचा थर चढलेले ते पातेले कोणाच्या वाट्याला आले? कालथा फिरवणे हा या कामातला सुखाचा भाग आहे. त्याला प्रेक्षक असतात. सोलण्याला आणि घासण्याला प्रेक्षक नसतात.

म्हणून वाचकहो, माझी सूचना अगदी साधी आहे. घरातल्या प्रत्येक पुरुषाने, शाळकरी मुलापासून पेन्शनरापर्यंत, हा एक पदार्थ पहिल्यापासून शेवटपर्यंत शिकावा. पहिल्यापासून म्हणजे बाजारातून, आणि शेवटपर्यंत म्हणजे ओटा पुसून फडके वाळत घालेपर्यंत. तो बाईवर उपकार म्हणून शिकू नये. मुले परगावी, परदेशी गेली आहेत; पुष्कळ घरांत दोघेच उरली आहेत, काही घरांत एकच. साठीनंतर ज्याला स्वतःपुरता गरम घास करता येत नाही, तो पेन्शन कितीही असली तरी परावलंबी असतो. जोडीदार आजारी पडला तर त्याला वाटीभर अळणी रस्सा देता येणे हे कोणत्याही मुदत ठेवीपेक्षा कमी मोलाचे नाही.

शाकाहारी घरांनी कोंबडीच्या जागी वांगे घ्यावे, शेवग्याच्या शेंगा घ्याव्यात. हिशेब तोच आहे.

आणि वाढताना एक पथ्य पाळावे. पातेले टेबलावर किंवा पंगतीच्या मधोमध ठेवावे, सर्वांनी एकदम बसावे आणि पहिला वाढा, तंगडीसकट, तिच्या ताटात घालावा जी आजवर शेवटी बसत आली. ती म्हणेल, “मला रस्साच आवडतो.” तरी घालावा. कदाचित खरेच रस्साच आवडत असेल. पण निवड करण्याची वेळ तिच्यावर एकदा तरी येऊ द्यावी.