घोरण्याचे मशीन: कर्ज काढण्याआधी दिवस तपासा

झोपेची तपासणी होते, रिपोर्टवर ‘माइल्ड’ असा शेरा येतो, आणि पाठोपाठ मशीन विकणाऱ्याचा फोन येतो. ‘रात्रीत श्वास थांबतोय, हार्टवर जाईल, मशीन घ्या, हप्त्यांची सोय आहे.’ घरात घबराट होते. कोणी सोने मोडायचे म्हणतो, कोणी बचत गटातून उचल घ्यायची म्हणतो. दुसऱ्या घरी याच्या उलट. ‘घोरणे हा काय आजार आहे का?’ म्हणून रिपोर्ट कपाटात जातो. माझ्या मते दोन्ही घरे चुकतात. आजार सौम्य असेल तर निर्णय रिपोर्टवरच्या आकड्यावरून करू नये. माणसाचा दिवस कसा जातो, यावरून करावा.

आधी आकडा समजून घेऊ. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा घसा इतका अरुंद होतो की श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ अडतो किंवा खूप कमी होतो. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, माणूस धापा टाकत कूस बदलतो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. असे तासाला ५ ते १५ वेळा होत असेल तर आजार सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या पुढे तीव्र.

सीपॅप मशीन मास्कमधून हवेचा हलका दाब देऊन घसा उघडा ठेवते. सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. तीव्र आजारात तिच्याइतका खात्रीचा उपाय नाही. पण मशीन हे चष्म्यासारखे आहे. लावले तोवर दिसते, काढले की पुन्हा धूसर. म्हणजे तीस-चाळीस हजार किंवा त्याहून जास्त रुपये घालून आपण बरे होणे विकत घेत नाही, रोज रात्री मास्क लावून झोपण्याची सवय विकत घेतो.

आता हार्टच्या भीतीबद्दल. २०१६ मध्ये ‘सेव्ह’ नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. सात देशांतले २,७१७ रुग्ण त्यात होते, आणि भारत त्या सात देशांपैकी एक होता. सगळ्यांना हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आधीपासून होता, आणि अ‍ॅप्निया मध्यम किंवा तीव्र. मशीन दिलेल्या गटात हृदयविकाराचे झटके किंवा पक्षाघात कमी झाले नाहीत. हे रुग्ण रात्री सरासरी ३.३ तासच मशीन लावत होते, हेही लक्षात ठेवावे लागेल. तरी सौम्य आजाराच्या माणसाला ‘मशीन घेतले नाही तर अटॅक येईल’ असे सांगून कर्जात ढकलायला या अभ्यासात आधार सापडत नाही.

मात्र त्याच अभ्यासात मशीन वापरणाऱ्यांचे घोरणे आणि दिवसाची झोपाळू अवस्था कमी झाली, मनही हलके झाले. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये फक्त सौम्य आजाराच्या ३०१ रुग्णांचा ‘मर्ज’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथेही तीन महिन्यांत मशीन वापरणाऱ्यांना दिवसा जास्त तरतरी वाटली. म्हणजे सौम्य आजारात मशीनचा फायदा दिसतो तो मुख्यतः दिवसाच्या उत्साहात. मग दिवसच ठीक जात असेल, तर मशीन कशासाठी घ्यायचे?

दिवस मोजायची एक सोपी पट्टी डॉक्टर वापरतात. वाचताना, टीव्ही पाहताना, सभेत बसल्यावर, बसमध्ये तासभर बसून जाताना, दुपारी आडवे झाल्यावर, कोणाशी बोलत बसल्यावर, जेवून शांत बसल्यावर, आणि गाडी सिग्नलला थांबली असताना डुलकी लागण्याची शक्यता किती? प्रत्येकाला ० ते ३ गुण द्या. बेरीज १० च्या वर गेली तर झोप जास्त येते असे समजा. गुण एकट्याने देऊ नका. एका खोलीत सगळे झोपतात, ही आपली अडचण इथे उपयोगाची आहे. श्वास अडतो का, कोणत्या कुशीवर अडतो, हे बायकोला किंवा आईला आधीच ठाऊक असते.

दोन माणसांच्या बाबतीत विशेष सावध राहा. पहिला, रिक्षा, टेम्पो, ट्रक चालवणारा किंवा उंचावर, यंत्रावर काम करणारा. त्याला स्टिअरिंगवर एकदा जरी डुलकी लागली असेल तरी ‘सौम्य’ या शब्दाला अर्थ उरत नाही. त्याने थांबू नये, आणि उपचार होईपर्यंत झोप येत असताना गाडी चालवू नये. दुसरी, घरातली बाई. बायकांमध्ये हा आजार अनेकदा मोठ्या घोरण्याऐवजी थकवा, सकाळची डोकेदुखी, तुटक झोप असा दिसतो. पुरुष घोरला की तपासणी होते, बाई थकली की ‘अंगात रक्त नाही’ म्हणून गोळ्या आणतात. रक्त जरूर तपासा, पण झोपेबद्दलही विचारा.

मशीन कोणी आजमावावे? ज्याला दिवसा आवरत नाही इतकी झोप येते त्याने, किंवा ज्याचा रक्तदाब गोळ्या घेऊनही ताब्यात येत नाही त्याने. आधी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या श्वसनविकार किंवा कान-नाक-घसा विभागात रिपोर्ट दाखवा. घरी केलेल्या तपासणीत आकडा कधी कधी प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. झोप फार आणि आकडा लहान असेल तर रुग्णालयात रात्रभराची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. मग मशीन महिनाभर भाड्याने घ्या. रोज किती तास लावले याची नोंद मशीन स्वतः ठेवते. बहुतेक रात्री चार तासांच्या वर वापर झाला आणि दिवस सुधारला, तरच विकत घ्या. मास्क टोचत असेल, नाक कोरडे पडत असेल तर माप बदलून मागा, लाजू नका. वस्तीत रात्री वीज जात असेल तर तोही हिशेब धरा. जुने मशीन स्वस्तात मिळत असेल तर मॉडेल आणि साल तपासा. २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आतला फोम झिजतो म्हणून लाखो मशीन परत बोलावली होती.

ज्याचा दिवस ठीक जातो, त्याने पैसे राखावेत, पण स्वस्थ बसू नये. पाठीवर झोपल्यावरच श्वास अडत असेल तर कुशीवर झोपायची सवय लावा. दारूने घसा आणखी सैल पडतो, ती बंद करा. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. नाक चोंदत असेल तर उपचार घ्या. वजन जास्त असेल तर ते उतरवा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये ६९० लोकांना चार वर्षांच्या अंतराने तपासले, तेव्हा १० टक्के वजन वाढलेल्यांचा हा आकडा सुमारे ३२ टक्क्यांनी वाढला, आणि १० टक्के वजन उतरलेल्यांचा सुमारे २६ टक्क्यांनी घटला. काहींना दंतवैद्याकडून खालचा जबडा पुढे धरणारी पट्टी करून घेता येते. वजन वाढले किंवा दिवसा झोप येऊ लागली तर पुन्हा तपासणी करा.

शेवटी एक प्रश्न प्रत्येक घराने आधी विचारावा: झोपायला मिळते किती? रात्रपाळी करून आलेला वॉचमन पत्र्याखालच्या उकाड्यात चार तास झोपत असेल, तर त्याच्या डुलक्या कोणतेही मशीन थांबवणार नाही. त्याला आधी तीन तासांची झोप हवी आहे. ती मिळवून देण्यासाठी दुपारी घरातला टीव्ही बंद ठेवावा लागेल, मुलांना बाहेर खेळायला न्यावे लागेल, पंखा त्याच्या बाजूला वळवावा लागेल. याला हप्ता लागत नाही. हे करूनही तो दिवसा पेंगत राहिला, तर रिपोर्ट घ्या आणि दवाखान्याची वाट धरा.